सोयाबीनच्या पट्टीत संशोधनाचा रुपया का नाही?

दुधनीच्या बाजारात माल विकून निघालेल्या शेतकऱ्याच्या खिशात एक कागद असतो. त्याला आपण पट्टी म्हणतो. वजन किती भरलं, भाव काय लागला, हमाली किती गेली, तोलाई किती गेली, उचल घेतली असेल तर ती किती वळती झाली, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. बाजार समितीचा सेस खरेदीदार भरतो, म्हणून तो शेतकऱ्याच्या बाजूला दिसत नाही. पण खरेदीदार भाव बोलताना तो धरूनच बोलतो, हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

या कागदावर पोत्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा आहे. पुढच्या वर्षी हेच पोतं जास्त भरावं, त्याला चांगला भाव मिळावा, यासाठी मात्र एक पैसाही नाही. आज आम्ही त्या न दिसणाऱ्या रकान्याबद्दल बोलणार आहोत.

2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये जाहीर केला. त्याआधीच्या वर्षी तो 4892 होता. कागदावर वाढ झाली. प्रत्यक्षात राज्यातल्या बहुतेक बाजारांत हंगामात भाव चार-साडेचार हजारांच्या आसपास घुटमळत राहिला, आणि भिजलेल्या, डागी मालाला त्याहून कमी मिळाला. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने सोलापूर जिल्ह्यात उभी पिकं पाण्यात गेली. ज्यांचं सोयाबीन वाचलं त्यांच्या मालात ओलावा जास्त. म्हणजे निसर्गाने एकदा मारलं आणि बाजाराने दुसऱ्यांदा.

हा प्रश्न आपल्या घरांचा आहे

सोयाबीन म्हटलं की मराठवाडा-विदर्भ आठवतो आणि आपल्या जिल्ह्यात बार्शी तालुका. पण अक्कलकोट तालुक्याच्या काळ्या रानातही आता तूर, उडीद, मुगाबरोबर सोयाबीन दिसतं. दुधनी हे कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव. सोलापूर-कलबुर्गी रेल्वेमार्गावर वसलेलं. आळंद, अफझलपूर भागातला माल इथे येतो. सौद्यात मराठी, कन्नड आणि आपली दख्खनी, तिन्ही बोली ऐकू येतात.

या साखळीत आपली माणसं अनेक ठिकाणी आहेत. कोणाकडे दोन-तीन एकर कोरडवाहू रान आहे. कोणी दुसऱ्याचं रान वाट्याने करतो. कोणी हमाल, कोणी तोलार, कोणी छोटा खरेदीदार. कोणाचं कोंबड्यांचं शेड आहे, कोणाचं चिकनचं दुकान. कोंबडीच्या खाद्यात मक्यानंतर मोठा घटक सोयापेंडीचाच असतो. म्हणजे सोयाबीनचा भाव वर गेला काय आणि खाली आला काय, त्याचा धक्का आपल्याच दोन घरांना उलटसुलट बसतो. एका भावाच्या शेतात आणि दुसऱ्या भावाच्या शेडमध्ये.

त्यातही सगळ्यात उघड्यावर असतो तो वाट्याने करणारा. हमीभाव केंद्रावर नोंदणीला सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद लागते. रान दुसऱ्याच्या नावावर असेल तर घाम याचा, पण नाव त्याचं. शेवटी हा माणूस माल घेऊन खुल्या बाजारात येतो आणि मिळेल तो भाव घेतो.

भाव ठरतो कुठे?

सोयाबीन गाळलं की साधारण 18 टक्के तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव तेल आणि पेंड अशा दोन बाजारांवर टांगलेला असतो, आणि दोन्ही बाजारांच्या दोऱ्या लांब असतात.

ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबडी उद्योगाची मागणी होती, त्यांचीही अडचण खरी होती. पण हंगाम सुरू होईपर्यंत भाव निम्म्यावर आला. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्के केलं, तेव्हा शेतकऱ्याला बरं वाटलं. मे 2025 अखेर ते पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं. दरम्यान इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा, ज्याला ‘डीडीजीएस’ म्हणतात, तो पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि पेंडीची मागणी खाली आली.

यातला एकही निर्णय दुधनीत झाला नाही. त्यांचा हिशोब मात्र दुधनीच्या पट्टीवर उतरला.

उत्पादनाचं चित्रही फारसं वेगळं नाही. आपल्याकडे सोयाबीनचं सरासरी उत्पादन हेक्टरी टनभराच्या आसपास राहतं. अमेरिका-ब्राझीलमध्ये ते तीन टनांच्या पुढे आहे. तिथली जमीन, पाऊस, यंत्रं, जीएम बियाणं, हंगामाची लांबी सगळंच निराळं, त्यामुळे सरळ तुलना चुकीची ठरेल. तरीही इतकं अंतर केवळ निसर्गाने पडलेलं नाही. त्यामागे चाळीस-पन्नास वर्षांचं संशोधन आहे, आणि त्या संशोधनाला शेतकऱ्याने स्वतः पैसा घातला आहे.

अमेरिकेतला अर्धा टक्का

अमेरिकेत 1990 च्या शेती कायद्यातून एक पद्धत देशभर लागू झाली. 1991 पासून तिथला प्रत्येक सोयाबीन उत्पादक, माल विकला की किमतीच्या अर्धा टक्का रक्कम एका निधीत देतो. पहिल्या खरेदीदाराकडेच ती कापली जाते. निम्मी रक्कम त्या राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहते, निम्मी राष्ट्रीय मंडळाकडे जाते. या मंडळावर शेतकरीच बसतात आणि कोणत्या संशोधनाला पैसा द्यायचा ते ठरवतात. सरकारचं शेती खातं देखरेख करतं. 1994 मध्ये शेतकऱ्यांचं मतदान घेऊन ही पद्धत चालू ठेवली गेली. पुन्हा मतदान हवं का, हे दर पाच वर्षांनी शेतकऱ्यांना विचारलं जातं. या पैशातून राजकीय प्रचार किंवा सरकारवर दबाव आणण्याचं काम करता येत नाही.

त्यातून काय झालं? मुळांवरच्या सूत्रकृमीला तोंड देणारे वाण शोधले गेले. सोयाबीन तेलापासून बायोडिझेल, छपाईची शाई, असे नवे गिऱ्हाईक उभे केले गेले. आणि परदेशी बाजार शोधले गेले, त्यात आपला देशही आला.

अमेरिकन सोयाबीन निर्यात परिषद भारतात काम करते. इथल्या कोंबडी आणि मत्स्य व्यवसायासाठी प्रशिक्षणं घेते. दरवर्षी 27 फेब्रुवारीला ‘प्रोटीन दिवस’ साजरा करणाऱ्या ‘राइट टू प्रोटीन’ या मोहिमेमागे तिचंच पाठबळ आहे. यात काही गैर आहे असं आमचं म्हणणं नाही. आपल्या मुलांच्या ताटात प्रथिनं वाढली तर चांगलंच आहे. पण इलिनॉय किंवा आयोवाच्या शेतकऱ्याचा अर्धा टक्का इथपर्यंत येऊन उद्याचं गिऱ्हाईक तयार करतो आणि दुधनीच्या शेतकऱ्याचा एक रुपया त्याच्याच तालुक्यात वाण तपासायलाही पोचत नाही, याचा विचार आपण करायला हवा. भारत-अमेरिका व्यापार चर्चेत सोयाबीनचा विषय पुन्हा पुन्हा येतो, तो यामुळेही.

आपल्याकडेही हे झालेलं आहे

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडे कुठे जमतंय. तर जमलेलं आहे, आपल्याच राज्यात.

पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 1975 मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी ती उभी केली. गाळप झालेल्या उसामागे कारखान्यांकडून तिला वर्गणी जाते, म्हणजे शेवटी उसाच्याच पैशातून. ऊसवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं की वाण, माती, खत आणि कारखान्याचं तंत्र यांचा अभ्यास करणारं आपलं घर हवं.

द्राक्षवाल्यांचं तर याहून जुनं. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ 1960 चा. बागाईतदारांनी वर्गणी काढली, चर्चासत्रं घेतली, परदेशातले जाणकार बोलावले, स्वतःचं संशोधन चालवलं. आपल्या जिल्ह्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या जाती बागेतल्या निवडीतून पुढे आणल्या. प्रयोगशाळेचा शिक्का नसलेल्या माणसाच्या नजरेतून हे घडलं, आणि संघटना मागे असल्याने ते बागाबागांत पसरलं.

आणि कोरडवाहूचं काय? ज्वारीची मालदांडी 35-1 ही निवड आपल्या मोहोळच्या केंद्रातली, स्वातंत्र्यापूर्वीची. आजही रब्बीत शेतकरी ती पेरतो, आजही आपल्या घरात तिचीच भाकरी थापली जाते. एका केंद्रातलं एक चांगलं काम किती पिढ्या पुरतं, याचा याहून मोठा दाखला नको.

मग सोयाबीनचंच असं का? कारण ऊस कारखान्याच्या एका काट्यावर येतो आणि तिथेच वर्गणी कापता येते. द्राक्षाच्या बागाईतदाराकडे चार पैसे असतात आणि संघटनाही. सोयाबीन मात्र लाखो लहान शेतकऱ्यांचं पीक. कोणी बाजारात घालतो, कोणी गावातल्या खरेदीदाराला, कोणी थेट प्लांटला. त्यांना एकत्र आणणारा दरवाजा नाही. तो दरवाजा व्हायची ताकद असलेली एकच जागा गावोगाव आहे, ती म्हणजे बाजार समिती.

संशोधन होतं, पण प्रश्न कोणाचे?

सरकारी संशोधन होत नाही असं नाही. जबलपूरच्या विद्यापीठाच्या ‘जेएस 335’ ने नव्वदीनंतर देशभर सोयाबीन पसरवलं. परभणीच्या विद्यापीठाने ‘एमएयूएस’ मालिकेतले वाण दिले. राहुरी विद्यापीठाच्या सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून ‘फुले संगम’ आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शेंगा न फुटणारा, जास्त उत्पादन देणारा ‘एमएसीएस 1407’ तयार केला. 2021 मध्ये त्याची बातमी सगळीकडे झळकली. पण त्याची शिफारस होती आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी. संस्थेचा यात दोष नाही, देशपातळीवरच्या चाचण्यांत ज्या विभागात वाण सरस ठरतो तिथेच त्याची शिफारस होते. यातून धडा एवढाच की जवळ संशोधन झालं म्हणजे ते आपल्या रानासाठी झालं असं नसतं. आपल्या प्रश्नासाठी कोणीतरी आग्रह धरावा लागतो.

आपले प्रश्न कोणते? पहिला, पाऊस उशिरा सुरू होणाऱ्या आणि मध्ये खंड पडणाऱ्या आपल्या भागात, मागे रब्बीची ज्वारी किंवा हरभरा घेता येईल इतक्या लवकर निघणारा वाण कोणता? दुसरा, तुरीत आंतरपीक म्हणून कोणता वाण बसतो? तिसरा, काढणीच्या वेळी पाऊस आला तर गंजीतल्या मालाला कोंब फुटू नयेत, यासाठी काय? चौथा, बियाण्याचा. सोयाबीनचं साल पातळ, आदळआपट झाली की उगवण जाते. 2020 च्या खरिपात राज्यभर बियाणं न उगवल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. घरचं बियाणं कसं जपायचं, पेरणीआधी उगवण कशी तपासायची, हे गावात शिकवणारं कोण आहे?

पाचवा प्रश्न थेट बाजाराचा. ओलावा. हमीभावाने खरेदीत 12 टक्क्यांची अट असते. 2024 मध्ये ती त्या हंगामापुरती 15 पर्यंत सैल करावी लागली. बाजारात खरेदीदाराचं मशीन जे सांगेल ते खरं. शेतकऱ्याकडे स्वतःचं माप नाही. समितीच्या आवारात तपासलेलं, सगळ्यांना वापरता येणारं ओलावा मोजायचं यंत्र आणि माल वाळवायची सोय असेल, तर किती रुपये वाचतील हे मोजणं हेही संशोधनच आहे. त्यासाठी पांढरा कोट लागत नाही.

हिशोब मांडून पाहू

महाराष्ट्रात सोयाबीनचं क्षेत्र सुमारे 50 लाख हेक्टर आहे. हेक्टरी टनभर धरलं तरी 50 लाख टन, म्हणजे पाच कोटी क्विंटल. क्विंटलमागे फक्त एक रुपया बाजूला काढला तर पाच कोटी रुपये होतात. पाच रुपये काढले तर पंचवीस कोटी. दहा क्विंटल विकणाऱ्या शेतकऱ्यामागे हे दहा ते पन्नास रुपये झाले. दुसरीकडे हमीभाव 5328 आणि बाजारात 4300 मिळाले, तर त्याच दहा क्विंटलवर दहा हजारांहून जास्त रुपयांचा फटका बसतो.

पण हा रुपया कोणाच्या खिशातून यावा? आमचं मत स्पष्ट आहे. सध्याच्या भावात शेतकऱ्याच्या पट्टीत नवी कपात लावणं हा अन्याय होईल. सुरुवात आज जमा होणाऱ्या सेसमधल्या एका लहान हिश्श्यापासून व्हावी. पणन विभागाची मान्यता घेऊन तो हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा. तेवढीच भर राज्य सरकारने घालावी. ऑस्ट्रेलियात धान्य उत्पादकांच्या वर्गणीत सरकार अशी भर घालतं. शेतकऱ्याला फायदा दिसला, विश्वास बसला, तर पुढे त्याच्याकडून मागता येईल. तेही त्याला विचारून.

दुधनीपुरती आणखी एक बाब आहे. इथल्या सेसमध्ये कर्नाटकातून आलेल्या मालाचाही वाटा असतो. तेव्हा या निधीतून होणाऱ्या चाचण्या आणि मेळावे आळंद-अफझलपूरच्या शेतकऱ्यालाही खुले हवेत, माहिती कन्नडमध्येही हवी. कलबुर्गीला तुरीचं मोठं संशोधन केंद्र आहे, कर्नाटकचं तूर विकास मंडळही तिथेच आहे. सोयाबीन-तूर एकत्र घेणाऱ्या भागाने त्यांच्याशी नातं का जोडू नये? राज्याची हद्द महसुलाच्या नकाशावर असते, मर रोग ती पाळत नाही.

आक्षेप खरे आहेत

पहिला आक्षेप असा की संशोधन हे सरकारचं काम आहे, शेतकऱ्याने का पैसे द्यावेत? बरोबर आहे. सरकारची जबाबदारी सुटत नाही आणि या निधीचं निमित्त करून विद्यापीठांचं अनुदान कापलं जाऊ नये. पण ज्याचा पैसा त्याचा प्रश्न आधी ऐकला जातो, हा जगाचा रिवाज आहे. थोडा पैसा घातला की मागण्याचा हक्क येतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. निधी जमेल, पण खाणार कोण? ऊस संशोधनाच्या निधीच्या वापरावरूनही 2025 मध्ये प्रश्न विचारले गेले आणि त्याचं राजकारणही झालं. म्हणून आधी नियम हवेत. हिशोब दरवर्षी समितीच्या फलकावर लागावा. निर्णय घेणाऱ्या समितीत लहान शेतकरी निम्म्याहून जास्त असावेत, त्यात महिला असाव्यात, आणि वाट्याने करणाऱ्याला सातबाऱ्याअभावी बाहेर ठेवू नये. त्याची विक्रीची पट्टी हाच त्याचा पुरावा मानावा. कोणतीही इमारत बांधायला यातला पैसा वापरू नये. पाच वर्षांनी शेतकऱ्यांना विचारावं, चालू ठेवायचं का.

तिसरा आक्षेप, उत्पादन वाढलं तर भाव आणखी पडेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच निधीचा निम्मा भाग बाजारासाठी हवा. सोयाबीनवर गावातच प्रक्रिया, माणसाच्या खाण्यासाठी चांगल्या प्रतीचा माल, जीएम नसलेल्या सोयाबीनला परदेशात मिळणारं वेगळं गिऱ्हाईक. आपल्या देशात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. हा आपला कमकुवतपणा मानायचा की ओळख, हे बाजाराचा अभ्यास करूनच ठरेल.

आपल्या दीनमध्ये ही कल्पना परकी नाही

पिकातला ठरावीक हिस्सा वेगळा काढणं हे मुसलमान शेतकऱ्याला नवीन नाही. पावसावरच्या पिकाचा दहावा आणि कष्टाने, खर्चाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा उश्र म्हणून काढायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उश्रचे हकदार ठरलेले आहेत, तो पैसा संशोधनाकडे वळवा असं आम्ही म्हणत नाही, ती बाब उलमांची आहे. पण त्यामागची समज पाहा. मेहनतीनुसार हिस्सा कमी-जास्त होतो, आणि पिकात एकट्याचा हक्क नसतो.

मदिनेत खजुराच्या परागीकरणाचा जो प्रसंग हदीसमध्ये येतो, तोही आपल्याला ठाऊक आहे. शेतीच्या कामात अनुभव आणि पडताळणीला तिथे जागा दिली गेली. माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब चालू राहतो त्यात इतरांच्या उपयोगी पडणारं इल्म आहे. एक चांगला वाण, एक खरं माप, बियाणं जपायची एक साधी पद्धत, हे त्यात का मोजू नये?

आता करायचं काय?

मोठी मंडळं उभी राहायला वेळ लागेल. दुधनी आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या लोकांना या खरिपाआधी चार गोष्टी करता येतील. पहिली, बाजार समितीच्या संचालकांकडे लेखी मागणी द्या. समितीवर सोसायटी आणि ग्रामपंचायत गटाचे, व्यापाऱ्यांचे आणि हमाल-तोलारांचेही प्रतिनिधी असतात. या सगळ्या गटांत आपली माणसं आहेत, त्यांनी एकत्र बोलावं. दुसरी, गावातल्या पाच शेतकऱ्यांनी मिळून गुंठा-दोन गुंठ्यांवर तीन-चार वाण शेजारी शेजारी पेरावेत आणि पेरणी, पाऊस, काढणी, वजन वहीत लिहावं. कृषी विज्ञान केंद्राला किंवा सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राला ती वही दाखवावी. तिसरी, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. सत्तर उगवले तर बियाणं ठीक. चौथी, पट्ट्या फेकू नका. वर्षभराच्या शंभर पट्ट्या एकत्र ठेवल्या तर भाव, ओलावा आणि कपातीचं असं चित्र निघेल की कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडता येईल.

ही कामं शिकलेल्या पोरांनी अंगावर घ्यावीत. बीएस्सी ॲग्री, बीकॉम झालेले कितीतरी मुलं-मुली आज आपल्या मोहल्ल्यांत नोकरीची वाट पाहत आहेत. वह्या भरणं, हिशोब लावणं, अर्ज लिहिणं हे त्यांना जमतं. शुक्रवारच्या नमाजनंतर दहा मिनिटं बसून याची सुरुवात करता येते, आणि शेजारच्या हिंदू, लिंगायत शेतकऱ्यांना सोबत घेतल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही. रान लागून आहे, बाजार एकच आहे.

हमीभावाची मागणी सोडायची नाही, नुकसानभरपाईची लढाईही थांबवायची नाही. त्याचबरोबर सेसच्या हिशोबात संशोधनाचं एक खातं उघडा, अशी मागणी यंदा दुधनीतून जाऊ द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, ती आपल्याला विचारून खर्च झाली पाहिजे.